गोंगाटातून वाट काढणारा मार्कोनी

पारनेरहून अळकुटीच्या वाटेने पश्चिमेकडे निघाले की तालुक्याची हद्द जुन्नरला भिडते. या हद्दीपलीकडे, नारायणगावजवळच्या खोडद गावाच्या शिवारात, ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही महाकाय दुर्बीण. तिच्या ३० तबकड्यांपैकी १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात आहेत, तर उरलेल्या १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. शास्त्रज्ञांनी ही जागा निवडली त्यामागे एक महत्त्वाचे कारण होते, ते म्हणजे इथली शांतता. ही शांतता कानांना जाणवणारी नव्हे. मानवनिर्मित रेडिओलहरींचा गलबला येथे कमी होता, म्हणून दूरच्या दीर्घिकांकडून येणारे क्षीण संकेत येथे ऐकू येऊ शकत होते.

पारनेरच्या दक्षिणेला श्रीगोंदे तालुका आणि त्यापुढे भीमा ओलांडली की दौंड. रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या या गावाची आणखी एक ओळख आज जवळजवळ पुसली गेली आहे. १९२७ मध्ये इंग्लंडहून निघालेले बिनतारी संदेश भारतात ग्रहण केले जात ते दौंड येथे, आणि भारतातून इंग्लंडला संदेश पाठवले जात ते पुण्याजवळच्या खडकीहून. या दोन्ही केंद्रांच्या मागे ज्याची कल्पना आणि ज्याचे नाव होते, तो इटालियन संशोधक म्हणजे गुलिएल्मो मार्कोनी. बिनतारी संदेशवहनाचा जनक म्हणून शालेय पुस्तकांतून तो सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु संदेश दूरवर पोचवणे ही त्याच्या आयुष्याची निम्मीच कथा. उरलेली निम्मी कथा एका चिवट शत्रूशी झालेल्या झुंजीची आहे. त्या शत्रूचे नाव व्यत्यय.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील जुझेप्पे सधन जमीनदार, तर आई ॲनी ही आयर्लंडच्या प्रसिद्ध जेमसन मद्यव्यावसायिक घराण्यातील. पोन्तेक्कियो येथील विला ग्रिफोने या वडिलोपार्जित वाड्यात त्याचे बालपण गेले. शाळेच्या चाकोरीत तो फारसा रमला नाही आणि विद्यापीठाची पदवीही त्याने मिळवली नाही. बोलोन्या विद्यापीठातील प्राध्यापक ऑगुस्तो रिगी यांच्याकडे मात्र त्याचे जाणे-येणे असे. १८९४ च्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्‌झ यांचे अकाली निधन झाले. विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या हर्ट्‌झ यांच्यावर रिगी यांनी लिहिलेला मृत्युलेख वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला आणि या लहरींवरून संदेश का पाठवू नये, या प्रश्नाने त्याला झपाटले.

वाड्याच्या माळ्यावर प्रयोग सुरू झाले. एका बाजूला ठिणगी पाडणारे यंत्र, दुसऱ्या बाजूला धातूच्या किसाने भरलेली काचेची नळी. लहर येऊन आदळली की किसाचे कण एकमेकांना चिकटत आणि नळीतून वीज वाहू लागे. यातील बहुतेक सामग्री इतरांनी आधीच शोधलेली होती. मार्कोनीने त्यात भर घातली ती उंच उभारलेल्या तारेची आणि जमिनीशी केलेल्या जोडणीची. १८९५ मध्ये त्याचे संकेत टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटर अंतरावर पोचले. संकेत मिळाल्याची खूण म्हणून त्याच्या भावाने टेकडीमागून बंदुकीचा बार काढला, असे सांगितले जाते.

याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करीत होते. भिंतींमधून पार जाऊन घंटा वाजवणाऱ्या लहरींचे प्रात्यक्षिक त्यांनी जाहीरपणे दाखवले होते. नको तेथे लहर पसरू नये म्हणून त्यांनी आपली उपकरणे धातूच्या पेट्यांत बंद केली होती आणि लहरींना नळीतून वाट काढून दिली होती. बोस यांना निसर्गाचे रहस्य उलगडायचे होते, तर मार्कोनीला व्यवसाय उभा करायचा होता. पेटंटच्या बाबतीत बोस उदासीन राहिले. मार्कोनी मात्र १८९६ मध्ये आईसह लंडनला आला तो पेटंटचा अर्ज करण्याच्या तयारीनेच. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला पाठबळ दिले. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश गेला, त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनी स्थापन झाली, आणि मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्स व इंग्लंड बिनतारी जोडले गेले.

यशाबरोबरच अडचणही उभी राहिली. ठिणगीतून निघणारी लहर कोणत्याही एका वारंवारितेची नसे. अनेक वारंवारितांवर तिचा पसारा होई. ग्रहण करणारी किसाची नळीही भोळी होती. संदेश कोणाचा आणि कोणासाठी, हे तिला कळत नसे. दूर कोठे वीज चमकली तरी ती शहारे. एका परिसरात एक प्रेषक असेपर्यंत हे चालून गेले. दोन प्रेषक एकाच वेळी बोलू लागले, की ऐकणाऱ्याच्या पदरी निव्वळ खरखर पडे. आकाश सर्वांचे होते, आणि म्हणूनच ते कोणाच्याच उपयोगाचे उरणार नाही, अशी भीती निर्माण झाली.

यावरचा पहिला उतारा म्हणजे मेळ साधणे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके झोके दिले तर तो उंच जातो, अवेळी दिलेला जोराचा धक्काही वाया जातो. विद्युतमंडलाचेही तसेच असते. तारेचे वेटोळे आणि वीज साठवणारे धारित्र यांच्या जोडीला स्वतःची एक लय असते. प्रेषक आणि ग्राहक या दोन्हींची लय एकच ठेवली, तर ग्राहक आपल्याच प्रेषकाला प्रतिसाद देतो आणि इतरांकडे बव्हंशी दुर्लक्ष करतो. एप्रिल १९०० मध्ये मार्कोनीने या रचनेचे ब्रिटिश पेटंट मिळवण्यासाठी अर्ज केला. त्याचा क्रमांक ७७७७ होता आणि चार सातांचे पेटंट म्हणून ते प्रसिद्ध झाले. या कल्पनेवर एकट्या मार्कोनीचा हक्क नव्हता. ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ मध्येच अशा मेळाचे पेटंट घेतले होते आणि पुढे १९११ मध्ये मार्कोनीच्या कंपनीला ते विकत घ्यावे लागले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९४३ मध्ये, मार्कोनीच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, त्याच्या अमेरिकी पेटंटमधील मेळविषयक कळीचे दावे रद्द ठरवले. आजही रेडिओची कळ फिरवून केंद्र लावताना जे घडते, ते याच तत्त्वावर.

१२ डिसेंबर १९०१ हा मार्कोनीच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला दिवस. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील पोल्ढू येथून ठरलेल्या वेळी मोर्स लिपीतील तीन टिंबे पाठवली जात होती. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर, न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल या टेकडीवर, वादळी वाऱ्यात पतंगाने वर चढवलेल्या तारेला जोडलेले श्रवणयंत्र कानाशी धरून मार्कोनी बसला होता. त्याने ती तीन टिंबे ऐकली आणि सहकारी केंप यालाही ऐकवली. अटलांटिक महासागर बिनतारी ओलांडला गेल्याची बातमी जगभर पसरली. परंतु कागदावर उमटलेला पुरावा कोणताही नव्हता. वातावरणातील खरखरीलाच टिंबे समजण्याची चूक झाली असावी, अशी शंका तेव्हाही घेतली गेली आणि आजही काही अभ्यासक ती घेतात. त्या दिवशी वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकाचे मूळ बोस यांच्या १८९९ मधील संशोधनात असल्याचेही काही अभ्यासकांनी साधार दाखवले आहे. मार्कोनीने शंकेला उत्तर दिले ते फेब्रुवारी १९०२ मध्ये. फिलाडेल्फिया या जहाजावरून प्रवास करताना त्याने पोल्ढूचे संकेत कागदी फितीवर नोंदवून घेतले. रात्री ते सुमारे ३,४०० किलोमीटरपर्यंत मिळाले, दिवसा मात्र जेमतेम ११०० किलोमीटरपर्यंत.

मेळ साधला की व्यत्यय संपला, असा प्रचार मार्कोनीची कंपनी करीत होती. वस्तुस्थिती तशी नव्हती. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नौकाशर्यतींच्या बातम्या पाठवताना मार्कोनीची आणि प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे एकमेकांवर कुरघोडी करीत राहिली आणि संदेशांचा विचका झाला. जून १९०३ मध्ये तर भर सभेत फजिती झाली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचे सहकारी प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांचे व्याख्यान सुरू होते. तेवढ्यात जवळच ठेवलेल्या प्रेषकावरून नेव्हिल मॅस्कलिन या जादूगाराने मार्कोनीची टवाळी करणारा मजकूर त्याच यंत्रावर उमटवला. फ्लेमिंग संतापले. मॅस्कलिनने मात्र उघडपणे जबाबदारी घेतली आणि अभेद्य म्हणवली जाणारी यंत्रणा किती सहज भेदता येते हे लोकांना कळावे, अशी आपली भूमिका मांडली. बिनतारी यंत्रणेतील घुसखोरीच्या इतिहासात या घटनेचा आजही उल्लेख होतो.

काही व्यत्यय तर कंपनीच्या धोरणातूनच जन्मला. प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रे असलेल्या जहाजांशी मार्कोनीचे कर्मचारी, संकटकाळ वगळता, बोलत नसत. समुद्रावर आपली मक्तेदारी राहावी हा त्यामागचा हेतू होता. या हटवादाने अनेक राष्ट्रे चिडली. बर्लिनमध्ये १९०३ आणि १९०६ मध्ये परिषदा भरल्या, जहाजांसाठी ठरावीक तरंगलांबी नेमून देण्यात आली आणि कोणत्याही कंपनीचे यंत्र असले तरी संदेश घेतला पाहिजे, हे तत्त्व मांडले गेले. आकाशातील वाटा कोणा एकाच्या मालकीच्या नसून त्या वाटून घ्याव्या लागतील, याची ती पहिली कबुली होती. दरम्यान १९०९ मध्ये मार्कोनीला कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या प्रश्नाची किंमत जगाला १४ एप्रिल १९१२ च्या रात्री कळली. टायटॅनिक जहाजावरील जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड हे दोघे बिनतारी चालक मार्कोनी कंपनीचे कर्मचारी होते. यंत्र बिघडल्यामुळे प्रवाशांचे खासगी संदेश तुंबले होते आणि फिलिप्स ते केप रेस येथील केंद्राला पाठवण्यात गुंतला होता. तेवढ्यात जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन या जहाजाने आपण हिमखंडांत अडकून थांबल्याचे कळवले. जहाज जवळ असल्याने तो संकेत फिलिप्सच्या कानात कर्कशपणे घुसला आणि दूरच्या केंद्राचा क्षीण संकेत त्याखाली दबला. वैतागलेल्या फिलिप्सने त्याला गप्प बसण्यास फर्मावले. कॅलिफोर्नियनच्या चालकाने थोड्या वेळाने यंत्र बंद केले आणि तो झोपी गेला. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमखंडावर आदळले. मदतीची हाक ऐकायला कॅलिफोर्नियनवर कोणी जागे नव्हते. ती हाक ऐकून दूरवरून धावून आलेल्या कार्पेथिया जहाजाने सातशेहून अधिक जणांना वाचवले. सुमारे पंधराशे जण बुडाले, त्यांत फिलिप्सही होता. बिनतारी यंत्रामुळे माणसे वाचली म्हणून न्यूयॉर्कमध्ये मार्कोनीचा जयजयकार झाला. त्याच यंत्रावरील गर्दीने एक इशारा गिळून टाकला होता, हेही तितकेच खरे होते. त्याच वर्षी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि अमेरिकेत प्रेषकांसाठी परवाना सक्तीचा झाला. मार्कोनीसाठीही ते वर्ष अशुभ ठरले. सप्टेंबरमध्ये इटलीत झालेल्या मोटार अपघातात त्याने उजवा डोळा गमावला.

यानंतर मार्कोनीने आपली एक जुनी चूक सुधारली. अंतर वाढवायचे तर लहर लांब हवी आणि शक्ती प्रचंड हवी, या समजुतीने त्याने वीस वर्षे अवाढव्य केंद्रे उभारली होती. दीर्घलहरींवर वादळी विजांची खरखर फार असते आणि उष्ण कटिबंधात ती अधिकच सतावते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, तो आणि त्याचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन लघुलहरींकडे वळले. तारांच्या पडद्यासारख्या परावर्तकाने या लहरी, विजेरीचा झोत टाकावा तशा, एकाच दिशेने सोडता येत. १९२३ मध्ये एलेत्रा या आपल्या तरंगत्या प्रयोगशाळेतून, म्हणजे खासगी जहाजातून, मार्कोनीने केप व्हर्डे बेटांपर्यंत प्रवास करून पोल्ढूच्या लघुलहरी तपासल्या. थोड्या शक्तीतही त्या आश्चर्यकारक अंतर कापत होत्या.

झोताचा फायदा दुहेरी होता. शक्ती एकवटत असल्याने संकेत ठळक होई आणि इतर दिशांना असलेल्यांना त्याचा त्रास होत नसे. ग्रहण करणारी तारही एकाच दिशेला कान लावून बसल्यामुळे इतर बाजूंची खरखर तिच्यापर्यंत कमी पोचे. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार झाला आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व भारत यांच्याशी झोतसेवा जोडण्याचे ठरले. भारताची सेवा १९२७ मध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्ये ग्रिम्स्बी येथून प्रेषण आणि स्केगनेस येथे ग्रहण, तर भारतात खडकीहून प्रेषण आणि दौंड येथे ग्रहण अशी व्यवस्था होती. ही दोन कामे वेगवेगळ्या गावी करण्याचे कारणही व्यत्यय हेच होते. शेजारी प्रचंड शक्तीचा प्रेषक गर्जत असताना सातासमुद्रापलीकडून आलेली कुजबुज ऐकू येणे अशक्य होते. म्हणून ऐकणारे कान पुण्यापासून दूर, भीमेच्या काठी नेण्यात आले. ही सेवा इतकी स्वस्त आणि वेगवान ठरली की समुद्रतळावर तारा टाकणाऱ्या कंपन्यांचे धाबे दणाणले आणि १९२९ मध्ये तारा व बिनतारी या दोन्ही व्यवसायांचे ब्रिटनमध्ये एकत्रीकरण झाले.

मार्कोनीच्या उत्तरायुष्यावर एक गडद सावली आहे. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाला. १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्षपद आणि फॅसिस्ट महापरिषदेचे सदस्यत्व त्याला मिळाले. त्याच्या कारकिर्दीत अकादमीच्या निवडीत ज्यू विद्वानांना डावलले गेल्याचे पुढे उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते. जगातील लोकांना एकमेकांशी बोलते करणारा हा माणूस, माणसांना गप्प करणाऱ्या राजवटीचा मानकरी झाला. त्याच्या चरित्रातील ही विसंगती झाकता येत नाही.

संशोधन मात्र शेवटपर्यंत चालू राहिले. १९३३ मध्ये व्हॅटिकन आणि पोपचे उन्हाळी निवासस्थान यांच्यामध्ये त्याने अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीच्या सूक्ष्मलहरींवर दूरध्वनी जोडला. लांब लहरींपासून सुरुवात केलेला मार्कोनी अशा रीतीने बोस यांनी चाळीस वर्षांपूर्वी चोखाळलेल्या वाटेकडे परतला होता.

आजचे बिनतारी जग याच दोन धड्यांवर उभे आहे. प्रत्येकाला आपली वारंवारिता आणि प्रत्येकाला आपली दिशा. मोबाइलच्या नव्या पिढीतील मनोरे अनेक लहान अँटेना जुळवून ग्राहकाच्या दिशेने झोत वळवतात. एकच वारंवारिता दूरच्या मनोऱ्यावर पुन्हा वापरतात, एक संदेश अनेक बारीक वारंवारितांवर वाटून देतात आणि नको असलेला संकेत गणिताने वजा करतात. तरीही गर्दी वाढतेच आहे. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष दृश्य प्रकाशाकडेही वळले आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८० मध्येच सूर्यकिरणांवरून आवाज पाठवून दाखवला होता. आता एलईडी दिवा डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकवून माहिती पाठवता येते. प्रकाश भिंत ओलांडत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीतील दिव्याचा उपद्रव होत नाही आणि रेडिओलहरींच्या गर्दीतही भर पडत नाही. पण व्यत्यय तेथेही पाठ सोडत नाही. खिडकीतून येणारे ऊन ग्राहकाला दिपवते आणि एकाच दालनातील दोन दिव्यांचे झोत एकमेकांत मिसळतात. त्यावरचे उपायही ओळखीचेच आहेत. ग्राहकाची नजर अरुंद ठेवणे, ठरावीक रंगच आत येऊ देणारी गाळणी लावणे आणि दिव्यांना बोलण्यासाठी वेळ वाटून देणे. माध्यम बदलले, तरी रीत तीच राहिली.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, हृदयविकाराने मार्कोनीचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ब्रिटनमधील बिनतारी केंद्रे आणि बीबीसीचे प्रक्षेपण दोन मिनिटे बंद ठेवण्यात आले. इतर देशांतील केंद्रांनीही त्याला अशीच मानवंदना दिली. ज्याने आकाश बोलते केले, त्याच्यासाठी आकाश क्षणभर पुन्हा मुके झाले.

ती शांतता दोन मिनिटांची होती. खोडदला ती वर्षानुवर्षे टिकवावी लागते. दुर्बिणीभोवतालच्या पट्ट्यात कारखाने आणि मोबाइलचे मनोरे यांवर बंधने येतात. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या नियोजित मार्गाचा फेरविचारही या दुर्बिणीला होऊ शकणाऱ्या व्यत्ययामुळे करावा लागला. पारनेर तालुक्याच्या पूर्वेकडे सुपे येथे औद्योगिक वसाहत वाढते आहे आणि पश्चिमेच्या हद्दीपलीकडे विश्वाचा कानोसा घेणाऱ्या तबकड्या उभ्या आहेत. रोजगार, रस्ते आणि मोबाइलची रेंज यांची गरज खरी आहे, तशीच त्या शांततेचीही. कोणी, किती आणि कोणत्या वाटेने बोलावे, हा १९०६ मध्ये बर्लिनच्या परिषदेपुढे आलेला प्रश्न आज या दोन तालुक्यांच्या सीमेवर येऊन ठेपला आहे. मार्कोनीने आयुष्यभर त्याची यांत्रिक उत्तरे शोधली. ऐकू यायचे असेल तर कोणाला तरी थांबावे लागते, हे उत्तर मात्र कोणत्याही यंत्राला देता येत नाही. ते माणसांनीच आपापसांत ठरवायचे असते.